व्यसनातून सावरणाऱ्या मुलाची दहावी

पंधरा वर्षांचा मुलगा गांजा किंवा व्हाइटनर ओढताना सापडला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'याला कुठेतरी ठेवून येऊ' आणि 'शाळेचं नंतर बघू'. पहिल्यात तथ्य असू शकतं, कधी कधी ठेवावंच लागतं. दुसरं वाक्य मात्र मुलाला फार महागात पडतं. पस्तिशीतला माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडतो तेव्हा त्याला परत जायला धंदा असतो, हातात कसब असतं, बायको-मुलं असतात. नववीत गळालेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. शाळा हेच त्याच्या वयाचं काम. ती सुटलेलीच राहिली तर तीन महिन्यांनी घरी आल्यावर सकाळी दहा वाजता तो जाणार कुठे? रिकामी पोरं बसलेली असतात तिथेच.

म्हणून निवासी उपचाराची चौकशी करताना पहिल्याच फोनवर विचारा: इथे रोज शाळा भरते का, कोण शिकवतं, परीक्षेला कशी बसवता? 'मुलं वाचतात की, वाचनालय आहे' असं उत्तर आलं तर तिथे शाळा नाही असं समजा.

आपल्याकडची बरीचशी व्यसनमुक्ती केंद्रं मोठ्या माणसांसाठी घडली. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं ते गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, साथीमुळे. त्या पठडीतला दिवस म्हणजे गटसभा, समुपदेशन, योगासनं, पालकसभा, आणि तोही साधारण महिना-सव्वा महिना. प्रौढांना तो लागू पडतो. मिसरूड फुटलेल्या पोराला त्याच खोलीत ठेवलं तर गटसभेत तो काय ऐकतो? पंधरा वर्षांच्या पिण्याच्या कहाण्या. त्यातून धडा घेण्याऐवजी 'आपलं तर काहीच नाही' असा त्याचा हिशेब होतो, शिवाय माहीत नसलेल्या गोळ्यांची नावं आणि मिळण्याची ठिकाणं कळतात. अठरा वर्षांखालच्या मुलांची झोपण्याची जागा, अंघोळीची वेळ आणि गट, तिन्ही वेगळी हवीत. 'रात्री वेगळे झोपतात, दिवसा एकत्र असतात' एवढ्यावर समाधान मानू नका.

आता कायद्याचं. इथे पालकांची सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारांत धरले आहेत. त्यामुळे अशा उपचारासाठी दाखल करून घेणाऱ्या केंद्राकडे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. अल्पवयीन मुलाला दाखल करण्याची रीत कलम ८७ मध्ये आहे. अर्ज पालकाने करायचा. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं, तेही दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवायचं. पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचं. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, आणि मुक्काम ३० दिवसांवर गेला तर पुन्हा कळवायचं.

सोबत राहण्याची अट वाचून अनेक केंद्रं अल्पवयीन मुलं घेतच नाहीत. काही जण वय अठरा लिहून घेतात. असं करणाऱ्या केंद्रात मुलगा ठेवू नका. कागदावर वय खोटं झालं की वेगळी खोली, मंडळाची देखरेख, सगळंच संरक्षण गेलं. चालण्यासारखा मार्ग असा: शरीर साफ होण्याचे पहिले एक ते तीन आठवडे रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, आई किंवा वडील सोबत. त्यानंतरचे तीन ते सहा महिने बाल न्याय कायदा २०१५ खाली नोंदलेल्या, मुलांसाठीच असलेल्या संस्थेत. तशी संस्था जवळपास नसेल तर घरी राहून रोज दिवसभर केंद्रात. बाल न्याय कायद्याखालचा प्रवेश बाल कल्याण समितीच्या आदेशाने होतो. समितीचं नाव काढलं की 'पोरावर केस होईल' म्हणून पालक बिचकतात. ती भीती बाजूला ठेवा. गुन्ह्याची प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात. समिती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी आहे, आणि व्यसनात ओढलं जाण्याचा धोका असलेलं मूल त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं आहे. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर व्यसनासाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणारी केंद्रं अजूनही आहेत. हातपाय बांधणं, साखळी लावणं, 'टर्की' (नशा तुटल्यावर होणारा त्रास) उतरेपर्यंत कोंडून ठेवणं असले प्रकार तिथे चालतात. साखळीला कायद्याने पूर्ण बंदी आहे. असं नेलेला मुलगा घरच्यांवरचा विश्वास कायमचा गमावतो, आणि पुढचा सगळा उपचार तर त्या विश्वासावरच चालायचा असतो.

पहिले दहा दिवस कसे जातील हे पदार्थावर ठरतं. गांजा बंद केला की दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, विचित्र स्वप्नं. पहिल्या आठवड्यात त्रास जास्त, दोन आठवड्यांत बराच कमी होतो, झोप मात्र रेंगाळते. गर्दची टर्की आठ-बारा तासांत सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाते. दारू आणि झोपेच्या गोळ्या या दोन्हींत जिवाला धोका असतो. मालेगाव-नाशिककडे 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम रोज घेणाऱ्या मुलाची गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरच्या हाताखाली हळूहळूच कमी करायची. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा उत्तेजक पदार्थ, बंद झाल्यावर मुलगा दोन-तीन दिवस नुसता झोपतो आणि खातो. घरच्यांना वाटतं सुटला. त्यामागोमाग गडद उदासी येते, जीव देण्याचे विचार येतात, तेव्हा त्याला एकटं सोडायचं नाही.

हुंगायच्या पदार्थांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण हे मुलांचं व्यसन आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण (१.१७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त होतं. थिनर, व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर ओतून त्याचा बोळा तोंडाशी धरतात. बहुतेकांत टोल्युइन नावाचं रसायन असतं. त्याने हृदयाचे ठोके बिघडण्याची शक्यता वाढते, आणि अशा वेळी मुलगा एकदम घाबरला किंवा जोरात पळाला तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. म्हणून हुंगत असलेल्या मुलाच्या अंगावर ओरडून धावू नका, पाठलाग तर नाहीच. शांतपणे जवळ जा, बोळा बाजूला करा, मोकळ्या हवेत बसवा. महिनोन् महिने हुंगणाऱ्या मुलाचं पोटॅशियम घसरून पाय लुळे पडू शकतात. 'नाटक करतोय' म्हणण्याआधी रक्त तपासा.

याच मुलांच्या बाबतीत केंद्रं एक चूक हमखास करतात. हाताला काम म्हणून सुतारकाम किंवा रंगकाम लावतात, आणि वर्कशॉपच्या फळीवर थिनर, पॉलिश, रबरी सोल्युशन उघडं ठेवलेलं असतं. पाण्यात विरघळणारा पांढरा डिंक चालेल, बाकी सगळं कुलपात. चप्पल-बुटांचं काम, पंक्चरचं दुकान, पेंटरचा हाताखालचा गडी, ही कामं अशा मुलासाठी निदान पहिली दोन वर्षं नकोत. शाळेच्या खोलीतलं करेक्शन फ्लुइड, फळ्यावरचे उग्र वासाचे मार्कर आणि कर्मचाऱ्यांच्या दुचाकींतलं पेट्रोल यांवरही नजर हवी.

लघवीच्या तपासणीवर पालकांचा फार भरवसा असतो. तिच्या मर्यादा ओळखा. रोज गांजा ओढणाऱ्याची पट्टी ओढणं थांबवल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा पंधराव्या दिवशीच्या निकालावरून मुलाला खोटं पाडू नका. गर्द दोन-तीन दिवसांत निघून जातं. सोल्युशन साध्या पट्टीवर दिसतच नाही, आणि एमडीसुद्धा नेहमीच्या पट्ट्यांत बहुधा नसतं. शर्टाच्या कॉलरचा वास आणि तोंडाभोवतीचं पुरळ पट्टीपेक्षा जास्त सांगून जातं.

आता शाळा. ती कधी सुरू करायची? ताप-उलट्या-थरथर थांबली, रात्री पाच-सहा तास झोप लागू लागली, की लगेच. बहुतेकांच्या बाबतीत हा दुसरा आठवडा असतो. 'मन तयार झाल्यावर' असं म्हणत बसलं तर ते तयार होत नाही. सुरुवात पाऊण तासाची, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत रोज अडीच तास: अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार तासिका आणि मध्ये दहा-दहा मिनिटांच्या सुट्ट्या. वेळ सकाळी दहा ते साडेबारा. पहाटे पाचला उठवण्याचं खूळ सोडून द्यावं. या वयात झोप लागतेच उशिरा, आणि झोपमोड झालेलं मूल गणिताला बसत नाही. सहा-साडेसहाला उठणं, व्यायाम, पोटभर नाश्ता (अंडी, शेंगदाणे, उसळ, कारण बहुतेक जण हडकलेले असतात), छोटा गट आणि मग शाळा. दुपारी वैयक्तिक समुपदेशन, संध्याकाळी दीड तास दमवणारा खेळ. आठ मुलांमागे एक शिक्षक असावा. तीस मुलं आणि एक शिक्षक म्हणजे नुसती राखण.

इयत्ता विचारून शिकवायला सुरुवात करू नये. नववीतून आलेला मुलगा चौथीचं मराठी अडखळत वाचतो, हे इथे नेहमीचंच. बालभारतीची तिसरी, पाचवी आणि सातवीची पुस्तकं घ्या, सगळ्यांना खाकी कव्हर घाला, म्हणजे मुखपृष्ठावरची इयत्ता दिसत नाही. एकेक उतारा वाचायला द्या. जिथे अडखळणं सुरू होतं त्याच्या एक पायरी खालून शिकवायला घ्या. गणितातही तसंच. अपूर्णांकांवर गाडी अडलेली असते, कारण शाळा बुडायला लागली ती नेमकी त्या सुमाराला.

अशा तासिकेचा कागद साधा असतो. एका पानावर पाचच गणितं. पहिली तीन येणारी, चौथं थोडं अवघड, पाचवं नवीन. चौथ्यापाशी मुलाची मान वर होते, पाय हलायला लागतो, पेनचं टोपण चावलं जातं. दोन मिनिटांत तो उठतो. त्याला उठू द्यायचं. 'पाणी पिऊन ये, चौथं आपण दोघं करू' एवढंच म्हणायचं. तो परत येऊन बसला, हीच त्या तासिकेची कमाई. अस्वस्थ वाटलं की नशा, ही त्याची जुनी सवय होती. अस्वस्थ वाटूनही काम पुढे न्यायचं, हे तो इथे कागद-पेन्सिलीवर शिकतो. गटसभेतल्या भाषणाने हे होत नाही, म्हणूनच शाळेला मी उपचारात धरते. सोल्युशन ओढणाऱ्या मुलांची कालची गोष्ट आज पुसलेली असते, तेव्हा प्रत्येक तासिकेची पहिली पाच मिनिटं कालच्याच कागदावर घालवावीत.

दोन-तीन महिने नीट शिकवूनही वाचन पुढे सरकत नसेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत प्रमाणपत्र दाखवून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. लक्ष न लागण्याचा विकार, म्हणजे एडीएचडी, या मुलांत बराच आढळतो. त्याचं निदान मात्र नशा सुटून काही आठवडे झाल्यावरच करावं, नाहीतर टर्कीची चलबिचल आणि एडीएचडी यांची गल्लत होते.

परीक्षेची कागदपत्रं पहिल्या महिन्यातच हलवावी लागतात. सगळ्यात महत्त्वाचं: शाळेने दबाव आणला म्हणून घाईने शाळा सोडल्याचा दाखला काढून आणू नका. नाव पटावर असेल तर वैद्यकीय उपचार चालू असल्याचं प्रमाणपत्र देऊन हजेरीत सूट मागता येते. प्रमाणपत्रावर व्यसन हा शब्द असायची गरज नाही. आजाराची माहिती गुप्त राहणं हा त्याचा कायद्याने मिळालेला हक्क आहे. मूल चौदाच्या आतलं असेल तर शिक्षण हक्क कायद्यानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळायला हवं.

नाव आधीच कमी झालं असेल तर दोन वाटा आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. वय चौदा पूर्ण, किमान पाचवी उत्तीर्ण, आणि सोबत मूळ दाखला, आधार, फोटो. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. अर्जाची मुदत पावसाळ्याच्या सुमारास येते आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे डिसेंबरात जागं होऊन उपयोग नाही. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, अर्थात एनआयओएस. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, नऊ संधी, वर्षातून दोनदा परीक्षा (एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर), आणि मराठी माध्यम. एका वेळी दोन विषयही देता येतात. सावरणाऱ्या मुलासाठी ही रचना फार सोयीची आहे. पहिल्या खेपेला दोन सोपे विषय निघाले की त्याचा स्वतःवर विश्वास बसतो. गणित न घेताही तिथे दहावी होते, पण तो मोह टाळा. पुढे आयटीआयचे चांगले ट्रेड आणि पदविका यांची दारं त्यामुळे बंद होतात. अभ्यासात अजिबात रस नसलेल्या मुलासाठी आठवीवर मिळणारे आयटीआयचे ट्रेड आहेत, वायरमन आणि वेल्डर त्यांपैकीच.

निवासी शाळा बिघडते ती बहुधा तीन-चार ठिकाणी. तंबाखू हे पहिलं. मोठ्यांच्या केंद्रात पुडी चालते, म्हणून मुलांनाही 'शांत राहतो' म्हणत खर्रा किंवा मावा दिला जातो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तंबाखू सोडल्याचा त्रास तीन दिवसांत चढून तीन-चार आठवड्यांत उतरतो, इथेच ती सोडवणं सगळ्यात सोपं.

दुसरं, शिक्षा. शाळा चुकवली म्हणून संडास धुवायला लावणं, गणित चुकलं म्हणून उठाबशा, यातून शाळाच शिक्षा होऊन बसते. उलट बाजूने जा. लहान, लगेच आणि खात्रीचं बक्षीस द्या: आठवडाभर हजेरी पूर्ण तर घरी जादा फोन, रविवारचा बेत ठरवण्याचा मान, पहिली फलंदाजी. पैसे नकोत. तिसरं, मोकळी संध्याकाळ. शनिवारी-रविवारी कर्मचारी कमी असतात, मुलं टोळक्याने बसून नशेच्या फुशारक्या मारतात, आणि आठवड्याचं काम दोन दिवसांत वाहून जातं. चौथं, फोटो. देणगीदार आले की मुलांचे चेहरे समाजमाध्यमावर झळकतात. बाल कल्याण समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे, आणि गावातल्या वर्गमित्रांनी एक फोटो पाहिला की त्या मुलाची शाळेत परतायची वाट बंद.

परतीची तयारी मुक्काम संपण्याच्या महिनाभर आधी सुरू व्हावी. दिवसा बाहेरच्या शाळेत किंवा क्लासला, रात्री केंद्रात. मग शनिवार-रविवार घरी. मग घरी राहून दर आठवड्याला केंद्रात, तीन महिन्यांनी पंधरवड्याला, निदान वर्षभर. जुना मोबाइल क्रमांक बंद करा, हातखर्चाला रोख थोडी द्या, शाळेचा रस्ता जुन्या अड्ड्यावरून जात असेल तर रस्ता बदला किंवा शाळाच बदला. गर्द घेणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: सुटल्यानंतर शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीचाच डोस आता जीव घेऊ शकतो. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हलवूनही जागा होत नाही, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

मुलगा पुन्हा घसरला तर एक-दोन दिवसांत केंद्रात आणा, तीन ते सात दिवस ठेवा, काय झालं ते बोलून घ्या आणि परत शाळेत पाठवा. 'आता पहिल्यापासून तीन महिने' असं केलं की चालू वर्ष हातचं जातं आणि पुढच्या वेळी तो घसरलेलं लपवतो. पेपर त्या आठवड्यात असतील तर केंद्रातून माणूस सोबत देऊन परीक्षा केंद्रावर न्यावं, एखाद-दोन विषय राहिले तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असतेच. प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढा, एक घरी ठेवा आणि एक केंद्राच्या फायलीत लावा, म्हणजे मुलगा कुठेही असला तरी सकाळी साडेदहाला वर्गात बसू शकेल.